एकटा चिंचोका

आमच्या शाळेच्या फाटकासमोर रविराजवर कोयते चालले, तेव्हा मी चौथीकडून सातचा पाढा म्हणून घेत होते. बाहेरून किंकाळी आली. मला वाटलं, शेजारच्या तिसरीची नेहमीची थेरं. तिसरी तेव्हा मैदानात खुरप्यांनी खड्डा खणत होती, कारण त्या आठवड्यात त्यांचा विषय जेसीबी होता. दुसरी किंकाळी मात्र लहान मुलाची नव्हती. मी खिडकीशी गेले.

चहाच्या टपरीपुढे एक विशीतला पोरगा पालथा पडला होता आणि तोंडाला फडकी बांधलेले तिघे त्याच्यावर वाकले होते. एकाने त्याचा उजवा हात बुटाखाली दाबून धरला. दुसऱ्याने कोपराच्या खाली वार केला, मग पुन्हा त्याच जागी. हात तुटून पडला नाही, लोंबत राहिला. टपरीवाला किटली टाकून पळाला होता आणि सांडलेला चहा रक्तात मिसळून गटाराकडे चालला होता. पलीकडे दोन मोटारसायकली चालू ठेवून दोघे बसले होते. ते तिघे त्यांच्या मागे बसले आणि खडकी स्टेशनच्या दिशेने निघून गेले.

मैदानात तिसरीची बाई, पूर्णिमा ओव्हाळ, पोरांना मानगुटीला धरधरून त्या खड्ड्यात लोटत होती. "खाली बसा! डोकी खाली! वर बघायचं नाही!" सगळी बसली. दोघं बसली नाहीत. सौरभ बसला नाही, कारण पडलेला पोरगा त्याचा थोरला भाऊ होता. आणि पायल बसली नाही, कारण मोटारसायकल चालवणाऱ्यांपैकी एक तिचा भाऊ होता.

पायलचं हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. गोष्टी लपवून ठेवून शेवटी बाहेर काढण्याचा मला कंटाळा आहे, शाळेतही आणि बाहेरही.

पूर्णिमा मूळची खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, राहणं तिथल्याच क्वार्टर्समध्ये. घरात बुद्धवंदना आणि प्रथमोपचार ही दोन्ही तोंडपाठ असलीच पाहिजेत, असा वडिलांचा दंडक होता. रविवारी ते मुलींना ओळीने बसवून विचारायचे, भाजलं तर काय, कापलं तर काय, बेशुद्ध पडलं तर काय. अशा घरातली मुलगी कडक शिस्तीची निघायला हवी होती. निघाली भलतीच.

तिची पद्धत अशी. सोमवारी पहिल्या तासाला पोरं फरशीवर खडूने गोल काढायची आणि ज्याला जे शिकायचं असेल त्याचं चित्र आपल्या गोलात काढायचा. मग प्रत्येकाला एक चिंचोका. तो आवडीच्या गोलात ठेवायचा. बाईंनाही एकच. जिथं जास्त चिंचोके, तो त्या आठवड्याचा विषय. वाचन त्याचंच, गणित त्याचंच, परिसर अभ्यासही त्याचाच. गाढव झालं, पाणीपुरी झाली. एकदा उवा झाल्या. त्या आठवड्यात पोरं एकमेकांची डोकी तपासून बेरजा करत होती आणि मधल्या प्लायवुडच्या भिंतीअलीकडे मी डोकं खाजवत बसले होते.

मी सदाशिव पेठेतली. माझ्या वर्गात मुलांना काय शिकायचं आहे हे मी त्यांना सांगते. पूर्णिमाला मी म्हणायचे, "अगं, उद्या चिंचोके बाँबवर पडले तर?"

"मग बाबांना बोलवीन, आपटेबाई. त्यांनी जन्मभर तेच केलं." आणि हसायची. हसली की राग धरणं अवघड जायचं, याचाही मला राग होता.

त्या हल्ल्यानंतरच्या सोमवारी सौरभने फरशीवर कोयता काढला. रविराजचा हात डॉक्टरांनी शिवला होता, पण बोटं हलत नव्हती. सौरभने मूठ, पातं, टोकाचा बाक, सगळं नीट काढलं. एकेक पोर उठलं आणि आपला चिंचोका तिथं ठेवून आलं. पूर्णिमाने स्वतःचाही तिथंच ठेवला. एकटी पायल खिडकीखाली बसली होती. तिने एक लाल बस काढली होती आणि तिचा चिंचोका त्या बसमध्ये होता.

"बस का गं?" पूर्णिमाने विचारलं.

"असंच."

"बरं. ती पुढच्या सोमवारी." पूर्णिमाने तो चिंचोका उचलून डबीत टाकला.

असंच नव्हतं ते. पायलचा भाऊ चेतन सतरा वर्षांचा. आई सोसायट्यांमध्ये जिने पुसायची. भोरला मावशी होती, मावशीच्या नवऱ्याचं गॅरेज होतं आणि तो म्हणाला होता, पाठव पोराला, हाताला काम देतो. चेतन "जाऊ, जाऊ" म्हणायचा आणि जायचा नाही. आता घरात पाण्याच्या पिंपामागे कोयता होता आणि बाहेर रविराजची माणसं चेतनला शोधत होती. पायलने ठरवलं होतं की त्याला आपणच न्यायचं. स्वारगेटला आईबरोबर ती एकदा गेली होती. तिथं एकीसारखी एक लाल बस, आणि पाट्या वाचायच्या आधीच गाडी हलते. वाचनात ती मागेच होती. कंडक्टरला काय सांगायचं ते मात्र तिला आईच्या तोंडून ऐकून पाठ झालं होतं, 'भोर. एक फुल, एक हाफ.' राहिली होती ती फक्त पाटी वाचायची. ते शाळेत शिकता येईल असं तिला वाटलं. आठ वर्षांच्या पोरीने शाळेवर एवढा विश्वास टाकला होता.

मुख्याध्यापक हिंदुराव सरांनी पूर्णिमाला बोलावलं. मी तिथंच हजेरीपटाचं काम करत होते.

"ओव्हाळ मॅडम, बाहेर कोयता, आणि आता वर्गातही कोयता? पालक जोड्यानं मारतील आपल्याला. फुलंबिलं काढायला लावा."

"सर, तो मी नाही आत आणला. तो पोरांबरोबरच आत आलाय."

"म्हणजे त्याला खुर्ची द्यायची का?"

"बसू तर द्यावं लागेल. उभा राहिला की जास्त भीती वाटते त्यांना."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही सरांच्याच बाजूने बोलले, आणि आजही त्याच बाजूने बोलेन. पण पूर्णिमाने ऐकलं नाही. शाळेत कोयता आणायचा नाही एवढी अट मात्र तिने पाळली. ती वर्गच फाटकाबाहेर घेऊन गेली, शहाळेवाल्या संतोषच्या गाडीपाशी.

आधी प्रश्न विचारायचे, ही तिची रीत होती. संतोषला पोरांनी विचारलं, कोयत्याने तुझं पोट भरतं का, तुझं बोट कधी कापलं का, धार कशी लागते. त्याने दगडावर पाणी टाकून पातं घासून दाखवलं आणि खोक्याच्या लोखंडी पट्टीचे तुकडे पोरांना घासायला दिले. सौरभने वेगळंच विचारलं, "बाई, रक्त थांबवता येतं का?"

त्यावर दोन दिवस गेले. पूर्णिमाने वडिलांनी शिकवलेलं सगळं काढलं. जोडी जोडीने पोरं बसली, एकाने जखमी व्हायचं, दुसऱ्याने फडकं दुमडून जागेवर ठेवायचं, वर तळवा, तळव्यावर दुसरा तळवा आणि अंगाचं सगळं वजन. प्लायवुडपलीकडून तिचा आवाज माझ्या वर्गात यायचा. "दाब. अजून दाब. उघडून बघायचं नाही! थांबलं का हे बघायला फडकं काढलं की पुन्हा सुरू." माझी चौथी पाढे सोडून ते ऐकत बसायची. सौरभची जोडीदार पायल होती. तिच्या भावाच्या टोळीने त्याच्या भावाला तोडलं होतं, आणि दोघं एकमेकांचे हात धरून दाबत होती. ते फक्त पायलला ठाऊक होतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. चेतन पहिल्यांदाच बहिणीला न्यायला आला होता. खांद्याला सॅक. पायलने आठवडाभर त्याच्यामागे लकडा लावला होता आणि अखेर तो तयार झाला होता. त्या सॅकमध्ये त्याचे दोन शर्ट आणि तिचा फ्रॉक होता, हे पोलिसांनी नंतर उघडल्यावर कळलं.

तेवढ्यात कोयते घेतलेले चौघे रिक्षातून उतरले. चेतनने त्यांना पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती ही, की पायलला फाटकाच्या आत ढकललं. पहिला वार त्याच्या खांद्यावर बसला. तो संतोषच्या गाडीआड पळाला, तिथं पाय घसरून शहाळ्यांच्या ढिगात पडला. मांडीवर, पाठीवर, मग हात वर केला तर हातावर. मानेवरचा वार मी पाहिला नाही, मी डोळे मिटले होते. आवाज ऐकला. संतोष ओरडत होता, "पोरं हायत रे, पोरं बघत्यात!" त्यांनी वार थांबवले ते त्याच्या ओरडण्याने नव्हे, काम झालं म्हणून थांबवले. रिक्षा गेली.

पूर्णिमा धावली, पण पायल तिच्याआधी पोचली होती. तिने कमरेचा पट्टा सोडला, पिनाफोर काढून त्याची घडी केली आणि भावाच्या मांडीवर ठेवून वर दोन्ही तळवे दाबले. शिकवलं तसं, अंगाचं सगळं वजन टाकून. वजन कितीसं असणार! पूर्णिमाने ओढणी त्याच्या मानेवर धरली. संतोष पाठ दाबत होता. मी फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला तिसऱ्यांदा तोच पत्ता सांगत होते. रक्त सगळ्यांच्या बोटांमधून येत होतं. चेतन बहिणीकडे बघत काहीतरी म्हणाला, ते कुणालाच कळलं नाही. मग बघत राहिला नुसता.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्या माणसांनी पायलला उचलायचा प्रयत्न केला. ती सुटेना. "उघडायचं नाही," ती म्हणत होती, "उघडून बघायचं नाही." पूर्णिमाने तिची बोटं एकेक करून सोडवली.

रविराज हॉस्पिटलमध्ये पट्ट्या बांधून होता, तरी माणसं त्यानेच पाठवली होती. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

पूर्णिमा पायलच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा न उघडता बसली. पायलच्या आईने तिला भोरचं, मावशीचं, बसच्या पाटीचं सगळं सांगितलं होतं. पोरीने आईलाही विचारलं होतं म्हणे, 'भ' कसा ओळखायचा.

"एकटा चिंचोका होता, आपटेबाई. मी तो उचलून डबीत टाकला. पुढच्या सोमवारी म्हणाले."

मला तिचा भयंकर राग आला. तिची दया आली म्हणून राग आला. मी म्हटलं, "तुला काय स्वप्न पडणार होतं? बाकीची तीस पोरं कोयता म्हणत होती."

"तीस पोरांनी बघितलेलं सांगितलं. हिने पुढचं सांगितलं होतं." ती उठून गेली. डबा माझ्याच टेबलावर राहिला, तो मी घरी नेऊन धुऊन आणला.

दिवसकार्य झाल्यावर पायल शाळेत आली. सौरभही येत होता. हिंदुराव सरांनी दोघांना वेगळ्या वर्गांत टाकायला सांगितलं होतं, पण तिसरीची दुसरी तुकडी आहे कुठं? पूर्णिमाने एकीला पहिल्या बाकावर आणि एकाला शेवटच्या बाकावर बसवलं. पायल बोलत नव्हती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी एकटीच बसलेली दिसायची. मला वाटलं, बरं आहे, पाण्याजवळ मन शांत होतं. पेठेतल्या बाईचं निदान!

सोमवारी पूर्णिमाने नवा नियम सांगितला. आजपासून जो चिंचोका एकटा पडेल, त्याचं आधी. पोरांनी गोल काढले. मी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत होते. चिंचोके वाटले गेले. मग एक बाक उलटल्याचा आवाज आला आणि सौरभची किंकाळी.

मी दारात पोचले तेव्हा पायल शेवटच्या बाकावर चढली होती. तिच्या मुठीत आखायची स्टीलची पट्टी होती. तिची एक कड चमकत होती. नळाशेजारच्या दगडावर पाणी टाकून तिने ती रोज घासली होती, संतोषने घासून दाखवलं होतं तशीच. पहिला वार सौरभच्या कानाला चाटून गेला होता. तो भिंतीला चिकटला होता आणि त्याच्या चड्डीतून पाणी वाहत होतं. तिने हात पुन्हा वर केला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती मानेचा नेम धरत होती. मान हीच जागा आहे, हे तिने पाहिलं होतं.

पूर्णिमाने मधे हात घातला. पट्टी तळव्यात शिरली आणि अंगठ्याखालून मनगटापर्यंत चिरत गेली. पूर्णिमाने मूठ मिटली. पट्टी आतच धरून ठेवली. पायल ती ओढत होती, दोन्ही हातांनी ओढत होती, आणि दर हिसक्याला जखम वाढत होती. पूर्णिमा पांढरी पडली, पण मूठ सोडली नाही. मी पुढे झाले तर मला म्हणाली, "तुम्ही थांबा."

रक्त बाकावर सांडलं. पायलने ते पाहिलं आणि ओढायची थांबली.

"पायल," पूर्णिमा म्हणाली, "दाब."

पोरगी हलेना.

"शिकवलंय ना? मग दाब. मला एका हाताने जमत नाही."

"थांबत नाही," पायल म्हणाली. इतक्या दिवसांत आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "खोटं शिकवलं तुम्ही. मी दाबलं होतं. नाही थांबलं!"

"त्याला पाच जखमा होत्या. तुला हात दोनच होते. मला एकच जखम आहे. दाब."

पायलच्या हातातून पट्टी सुटली. तिने इकडेतिकडे फडकं शोधलं. भिंतीपासून सौरभने हात लांब केला, त्याच्या हातात रुमाल होता, मळका. तिने तो घेतला, घडी केली, तळव्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. सगळं वजन टाकलं. थोड्या वेळाने तिचा अंगठा रुमालाखाली जाऊ लागला, तर सौरभ भिंतीशी उभ्यानेच म्हणाला, "उघडू नको." तेव्हा ती रडायला लागली. रडतानाही दाबतच होती. आणि रक्त थांबलं.

हिंदुराव सर आले. पूर्णिमाने त्यांना सांगितलं की खिडकीची फुटकी काच हाताला लागली. सरांनी धड असलेल्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "हो सर, कधीपासून सांगतेय मी, काच बदला म्हणून." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझी ही पहिली थाप, आणि ती मी अगदी व्यवस्थित मारली. सौरभचा कान बाकाला आपटला होता, असं सौरभनेच सांगितलं.

पूर्णिमाच्या तळव्याला टाके पडले. अंगठा आजही पुरता मिटत नाही, खडू ती दोन बोटांत धरते. त्या सोमवारी फरशीवर काढलेले गोल मात्र कुणी पुसले नव्हते. खिडकीखाली एक लाल बस होती. पायलने काढलेली नव्हती ती. सौरभने काढली होती, आणि त्याचा चिंचोका त्या बसमध्ये एकटाच होता.

नवा नियम होताच. तो आठवडा बसचा झाला. पोरांनी पाट्या लिहिल्या, सासवड, सातारा, बारामती, भोर. प्लायवुडवर त्या डकवल्या आणि 'भ' वाचता न येणारं एकही पोर वर्गात उरलं नाही. पायलच्या आईने ठरवलं होतं की पोरीला काही दिवस मावशीकडे ठेवायचं. पोचवायला पूर्णिमा निघाली. तिच्या हाताला पट्टी होती, बॅग कोण उचलणार, म्हणून मीही गेले. तसं मला कुणी बोलावलं नव्हतं.

स्वारगेटला धक्काबुक्की चालली होती. पायल आमच्या पुढे चालत होती, मान वर करून. एका गाडीपाशी थांबली. पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "भोर." आम्ही चढलो. ती खिडकीशी सरकली, पूर्णिमा कडेला बसली, मी मागे. तिघांच्या बाकावर दोघींच्या मधे जागा राहिली होती. एक बाई तिथं बसायला आली, तर पायलने हात आडवा ठेवला.

कंडक्टर आला. मी माझं तिकीट काढलं. पूर्णिमा पर्स उघडायला धडपडत होती, तोवर पायलच बोलली. खूप दिवस घोकलेलं होतं ते, एका दमात आलं.

"भोर. एक फुल, एक हाफ."

"फुल कुणाचं? बायकांना हाफच असतं, बाळ," कंडक्टर म्हणाला. "दोन हाफ होतात."

पायल गोंधळली. तिने पूर्णिमाकडे बघितलं. तिला पाठ होतं ते चुकलं होतं, आणि तिच्या हाताखालची जागा रिकामी होती.

"तिचं बरोबर आहे," पूर्णिमा म्हणाली. "माझं हाफ वेगळं. एक फुल, दोन हाफ द्या."

कंडक्टरने बाकावर बघितलं. दोघीच होत्या. "अहो मॅडम, तिसरा कुठाय?"

"तुम्ही तिकीट फाडा," मी मागून म्हटलं, माझ्या वर्गातल्या आवाजात. त्याने फाडलं. पायलने तिन्ही तिकिटं हातात घेतली, त्यातलं फुल तिकीट वेगळं केलं, मधल्या जागेवर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन्ही तळवे दाबून बसली. भोर येईपर्यंत तिने ते उचलले नाहीत.